काजवालीच्या वाट्याला आलेलं वचन

काजवालीला कोणी कधी व्यासपीठावर उभं करून साक्ष द्यायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मुकाट्याने पिशवी उचलली असती आणि घर गाठलं असतं. आमच्या चर्चच्या मंडळीत साक्षींना तोटा नाही. कोणाचा मुतखडा आपोआप पडतो, कोणाच्या मुलाला परदेशात नोकरी लागते, कोणाची सून अचानक गोड बोलायला लागते. रोज बायबल वाचलं म्हणून हे झालं, असं लोक सांगतात. झालंही असेल. पण शास्त्राप्रमाणे जगून माणसाच्या पदरात काय पडतं, हे मी माझ्या डोळ्यांनी एकदाच पाहिलं आहे, आणि ते पाहायला मुळीच बरं नव्हतं. ज्यांना गोड गोष्ट हवी आहे त्यांनी इथेच थांबावं.

युनिफॉर्म शिवणाऱ्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर ती काजं करायची, म्हणून काजवाली. काज, म्हणजे बटणाचं भोक, हे कपड्यातलं शेवटचं काम. चारी बाजूंनी दाट टाका घालायचा आणि मग मधोमध पातं चालवायचं. पातं केसभर सरकलं की अख्खा कोट वाया. त्यामुळे खाली मशीनवर बसणारे शिंपी एकमेकांच्या आयाबहिणी काढायचे, पण काजवाली जिना उतरताना दिसली की मुकाट व्हायचे. नवरा लवकर गेला होता. एकच मुलगी. आई जितकी कमी बोलायची तितकी ही तोंडाळ. शाळा सोडून ती रस्त्याच्या टोकाच्या मोठ्या कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला लागली होती.

त्या कारखान्याला आग लागली ती दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर. मुली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दार. सुट्टीनंतर त्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं ही तिथली पद्धत, कारण मालकाच्या मते बायका पाणी प्यायच्या निमित्ताने वेळ काढतात. किल्ली वॉचमनकडे. तो चहाला गेला होता, परत येईपर्यंत सगळं संपलं होतं, असं त्याने कोर्टात सांगितलं. मालकाला चांगला वकील मिळाला, वॉचमनला तुरुंग.

त्यानंतर काजवालीने मुलीचं नाव काढायला बंदी घातली. फोटो कपाटात पालथा टाकला. कोणी सांत्वनाला येऊन ‘तुमची मुलगी...’ म्हणायला लागलं की ती उठून आत जायची. रडली नाही. कामावर जायची, उपासनेला यायची, आणि आतून वाळत चालली होती. आमच्या मंडळीतले म्हातारे कंपाउंडर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, हे दुखणं माझ्या बाटलीतलं नाही. तिच्या आत काहीतरी बंद पडलंय. असंच चाललं तर ही आपल्या दोघांच्या आधी जाईल, आणि मी पंच्याहत्तरीचा आहे.”

आता आमच्या अभ्यासाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी माझ्या घरी सात-आठ माणसं बायबल वाचायला जमतात. पूर्वी आम्ही वाचायचो, मग ज्याला त्याला आपली विद्वत्ता पाजळायची असायची, मग चहा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला त्याचा वीट आला. मी नियम केला की गोल बसायचं, एकेकाने एकेक वचन वाचायचं आणि जे वचन ज्याच्या वाट्याला येईल ते आठवडाभर त्याचं. त्यावर बोलायचं नाही, ते करायचं. काय केलं ते पुढच्या गुरुवारी सांगायचं. वंशावळीतली नावं आली तर सुटलात.

लोक कुरकुरले, पण रुळले. जिभेला लगाम घालण्याचं वचन कंपाउंडरांना आलं तेव्हा ते आठवडाभर घरात मुके राहिले, आणि त्यांच्या बायकोने मला फोन करून, हे वचन पुन्हा कधी येणार, असं विचारलं. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, हे पाळकबाईंच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोच्या, वाट्याला आलं. त्यांनी कोपरावर फाटलेला स्वेटर दिला. आम्ही त्यांना परत पाठवलं, चांगला देऊन या म्हणून.

वॉचमन सुटून आला तो काजवालीच्याच गल्लीत, रद्दीच्या दुकानामागच्या खोलीत. दुसरीकडे जायला त्याला जागा नव्हती. बायको केव्हाच निघून गेली होती. फुप्फुसं तुरुंगातच खराब झाली होती आणि थोड्याच दिवसांत तो अंथरुणाला खिळला. गल्लीने त्याला वाळीत टाकलं, असं म्हणता येणार नाही. वाळीत टाकायला माणूस आहे हे तरी मानावं लागतं. रद्दीवाला आठवण झाली तर पाव सरकवायचा.

तेव्हा गुरुवारच्या अभ्यासात पौलाचं रोमकरांस पत्र चाललं होतं. बाराव्या अध्यायाच्या शेवटी, शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, तहानेला असेल तर पाणी द्या, अशा अर्थाचं वचन आहे. पाळकबाई मनाने चांगल्या. त्यांनी घरीच हिशेब करून ठेवला होता, आणि त्या दिवशी लवकर येऊन अशी जागा धरली की ते वचन त्यांच्याच वाट्याला यावं आणि काजवालीला त्याच्या पुढचं यावं. सगळं ठरल्याप्रमाणे झालंही असतं. पण कंपाउंडरांनी सर्दीची गोळी घेतली होती आणि पाळी आली तेव्हा ते हनुवटी छातीवर टेकून घोरत होते. त्यांच्या शेजाऱ्याने त्यांना न उठवता पुढचं वाचलं आणि सगळी गणती एकाने सरकली. पाळकबाईंना, सूड उगवू नका, हे वचन आलं आणि शत्रूला जेवू घालायचं काजवालीच्या पुढ्यात.

“थांबा, थांबा,” पाळकबाई ओरडल्या. “ते माझं आहे! कंपाउंडर झोपलेत, परत सुरुवातीपासून घ्या!”

“कोण? मी? मी डोळे मिटून ऐकत होतो,” कंपाउंडर दचकून म्हणाले.

काजवालीने वचनावर बोट ठेवलं होतं. “तुमचा कोण शत्रू आहे, पाळकबाई?” ती म्हणाली. “दूधवाला?”

कोणी हसलं नाही. मी म्हटलं, “अगं, हे राहू दे. पुढच्या खेपेला बघू.”

“आजवर कोणाचं राहू दिलंत, बाई? यांना चांगला स्वेटर द्यायला परत पाठवलंत ना?”

आणि तिने ते वचन मोठ्याने वाचलं, एखाद्याने आपल्याच शिक्षेचा कागद वाचावा तसं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या दारात आली. हातात मऊ भाताचा डबा. “चला माझ्याबरोबर,” म्हणाली. “तुम्ही आत येऊ नका. दारात उभ्या राहा. मी त्याला काही करायला लागले तर धरा मला.”

“आणि मला नाही धरता आलं तर?”

“तर ओरडा. तुमचा आवाज मोठा आहे.”

खोलीत एक खाट, एक घागर आणि ओल्या रद्दीचा वास. वॉचमन भिंतीकडे तोंड करून पडला होता. पावलं ऐकून वळला, आणि तिला ओळखल्याबरोबर उठून बसायला धडपडला. जमलं नाही. मी त्याला पूर्वी पाहिलेलं होतं, रुंद खांद्यांचा, टोपी नीट घालणारा माणूस. आता गोधडीखाली माणूस आहे की नुसत्या घड्या, हे कळत नव्हतं.

काजवालीने डबा उघडला. ती त्याला ‘तू’ही म्हणाली नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. “जेवायचं,” एवढंच म्हणाली.

त्याने डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “विष आहे?”

“असतं तर इतकं मीठ घालायची तसदी घेतली असती का?” तिने एक चमचा स्वतःच्या तोंडात घातला, गिळला, आणि तोच चमचा त्याच्यापुढे धरला. “तोंड उघडायचं.”

तो जेवला. ती बघत होती ते भिंतीकडे. परत येताना गल्लीच्या नळावर तिने हात धुतले, कोपरापर्यंत धुतले आणि मग पुन्हा धुतले. मला वाटलं, झालं, केलं हिने. पण ती रोज गेली, आणि मी रोज दारात उभी. पहिल्या दिवसानंतर त्या आठवड्यात दोघांमध्ये एक शब्द झाला नाही. पुढच्या गुरुवारी तिने आम्हाला सांगितलं, “दिलं. खाल्लं.”

“प्रभूची स्तुती असो,” पाळकबाई डोळे पुसत म्हणाल्या. “सुटलीस गं ताई. वचन पुरं झालं.”

“पुरं कसलं? शुक्रवारी काय त्याला भूक लागत नाही?”

असं ते एका आठवड्याचं वचन लांबत गेलं. आमच्यातल्या काहींना वाटायला लागलं की तिच्या मनात क्षमा फुलते आहे वगैरे. मी दारात उभी असायचे, मला काही फुललेलं दिसलं नाही. ती चमचा त्याच्या दातांवर आपटायची. त्याची चादर बदलायची ती हिसका देऊन. एकदा तो खोकून बेजार झाला तेव्हा पाणी हातात घेऊन ती जरा जास्तच वेळ उभी राहिली, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने ते त्याच्या ओठांना लावलं. जे लिहिलं होतं ते करत होती, त्याहून रतीभर जास्त नाही.

मग एके दिवशी त्याने चमचा हाताने बाजूला केला.

“मला बोलायचंय, ताई.”

“जेवायचं.”

“मी कोर्टात खोटं बोललो.”

तिचा हात जागीच थांबला. मी दारातून पुढे आले.

“चहाला गेलो होतो ते खरं,” तो म्हणाला. प्रत्येक वाक्यानंतर त्याला दम लागायचा. “पण परत आलो होतो. धूर दिसत होता. आतून दार ठोकत होत्या. किल्ली माझ्या हातात होती, ताई. हातात. पण मालकाचा हुकूम होता, त्याला विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही. आधी एकदा मी उघडलं होतं, एकीला चक्कर आली म्हणून. तेव्हा त्याने सगळ्यांसमोर माझी टोपी काढून फेकली होती. म्हणून मी विचारायला पळालो. अंगण ओलांडून ऑफिसात.”

“मग?”

“तो फोनवर बोलत होता. मी काचेवर टकटक केली. त्याने हाताने ‘थांब’ असं केलं.” वॉचमनने तो हात करून दाखवला. “मी थांबलो.”

पुढे दुकानात रद्दीवाला कोणाशी तरी वजनावरून भांडत होता ते ऐकू येत होतं.

“ती होती? दार ठोकणाऱ्यांत?” काजवालीने विचारलं.

“काका म्हणून हाक येत होती. मला काका फक्त तीच म्हणायची.”

काजवालीने चमचा डब्यात ठेवला, डब्याला झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही हे दाबून पाहिलं, आणि माझ्या अंगावरून बाहेर निघून गेली. मी तिच्या मागे गेले नाही. आयुष्यात मी बरीच माणसं ओरडून सरळ केली आहेत. त्या माणसावर मी ओरडले नाही. “हे आता कशाला सांगितलंत?” एवढंच मी विचारलं.

“ती येते ते सहन होत नाही,” तो म्हणाला. “आता नाही येणार.”

म्हणजे हे त्याने ती येऊ नये म्हणून सांगितलं होतं. त्याला उपाशी, एकटं, भिंतीकडे तोंड करून मरायचं होतं, आणि हिचा भात त्याच्या आड येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या पोटमाळ्यावर गेले. ती मशीनवर बसली होती. शेजारी एक शाळेचा कोट पडला होता, त्याच्या छातीवर काज उभं सोडून तिरकं कापलं गेलं होतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शिंपी खालून मान वर करून बघत होते, पण विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

“मी जाणार नाही,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली. “सांगायचं राहू दे. तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे.”

“मी काहीच म्हणत नाही.”

“तो हुकमाचा बांधलेला म्हणून माझी पोरगी गेली. आणि मी तरी काय करतेय? वचनात लिहिलंय म्हणून भात नेतेय. त्यालाही मनातून वाटलं नव्हतं, मलाही वाटत नाही. तोही हुकमाचा, मीही हुकमाची. मग फरक काय आमच्यात?”

माझ्याकडे उत्तर होतं, आणि मी ते दिलं, गोड न करता. “त्याच्या मालकाने त्याला थांब म्हटलं आणि तो थांबला. तुझ्या मालकाने तुला जा म्हटलंय. हुकूम कोणाचा आणि काय करायचा, एवढा फरक पुरे आहे. बाकी मनाचं मला विचारू नकोस. मन कोणाचं धड असतं?”

“जा तुम्ही,” ती म्हणाली. मी गेले.

संध्याकाळी मी स्वतःच थोडा भात शिजवला आणि रद्दीच्या दुकानाकडे निघाले. मला बरं वाटत नव्हतं. तिच्यावर आपण जास्त लादलं का, हा विचार डोक्यातून जात नव्हता. मागची खोली उघडी होती. काजवाली खाटेच्या कडेवर बसली होती. आजवर ती उभ्यानेच भरवायची.

वॉचमनने तोंड घट्ट मिटलं होतं. “आता तरी येऊ नकोस, ताई,” दातांमधून तो म्हणाला. “मी तुला सगळं सांगितलंय.”

“ऐकलं मी.”

“मग?”

“मग काय? मी तुला माफ करायला आलेले नाही. ते मला येत नाही. मी प्रयत्न केला, काल रात्रभर केला, येत नाही. मला भात येतो. तोंड उघड.”

तो रडायला लागला. त्याला रडायलाही फुप्फुसं पुरत नव्हती, नुसता आवाज यायचा, कोरडा. ती थांबली. चमचा हातात धरून, त्याचं होईपर्यंत ती थांबली. मग भरवलं. या खेपेला दातांवर आपटला नाही. मी माझा डबा घेऊन परत आले, आणि त्यानंतर तिने मला दारात उभं राहायला बोलावलं नाही.

तो अजून काही आठवडे जगला. एकदा ती डबा घेऊन गेली तेव्हा तो गार पडलेला आढळला. तिने रद्दीवाल्याला सांगितलं, रद्दीवाल्याने नगरपालिकेला. मातीला मी आणि कंपाउंडर, दोघंच. काजवाली आली नाही. पाळकबाईंची फार निराशा झाली. त्यांना वाटत होतं, तिने निदान एक फूल तरी ठेवावं. मी तिला तसं सांगितल्यावर ती म्हणाली, “वचनात जेवू घाला एवढंच आहे. पुरा असं नाही.”

आता तुम्ही विचाराल, मिळालं काय तिला? मालक दुसऱ्या शहरात सुखाने आहे, नवा कारखाना काढलाय म्हणतात. मुलगी परत आली नाही. वॉचमनला तिने क्षमा केली का, हे मला आजही माहीत नाही, आणि तिलाही नसावं. मंडळीत कोणी तिला हार घातला नाही. उलट गल्लीतल्या दोन बायकांनी, ज्यांच्या मुली त्याच दाराआड गेल्या, तिच्याशी बोलणं सोडलं. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. या सगळ्यालाच आशीर्वाद म्हणायचं का, असं मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे.

पण थंडीत एकदा पाळकबाई आणि मी तिच्याकडे गेलो होतो. पाळकबाईंना राहवलं नाही. “ताई, तुला यातून काय मिळालं गं?” त्यांनी विचारलंच. मी त्यांना चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

काजवाली म्हणाली, “मला पोरगी आठवतच नव्हती, बाई. तुम्हाला वाटायचं, मी तिचा विषय टाळते. टाळायला आठवायला तर हवी! मी आठवायला गेले की दार दिसायचं. लोखंडी, बंद. त्याच्यापलीकडे काही नाही. तिचं तोंडही नाही. त्याला भरवायला लागले, आणि तो तिचं बोलायचा. शेवटी शेवटी. सुट्टीत ती त्याच्याजवळ येऊन बसायची म्हणे. माझी नक्कल करायची.”

“तुझी नक्कल?”

“मी कशी नाकाने श्वास सोडते, शिंप्यांकडे कशी बघते, ते. तो हसायचा म्हणे. मला हे माहीतच नव्हतं. कार्टी.” आणि मग सुरूच झालं. ती कशी आंघोळीचं सगळं गरम पाणी संपवायची, एक वेणी घालून दुसरी विसरायची, साखरेच्या डब्यात ओलं बोट घालायची आणि वर उंदरांचं नाव सांगायची, उपासनेत गाणं म्हणताना सूर सोडून सगळ्यांच्या पुढे पळायची. “किती सांगितलं तिला, बाई, अगं, जरा दम धर, बाकीच्यांना येऊ दे. ऐकेल तर शपथ!” बोलता बोलता तिचा आवाज फाटला. आग लागल्यापासून पहिल्यांदा, तोंडावर पदर न घेता, आमच्या समोर, ती मुलीसाठी रडली.

पाळकबाई उठायला लागल्या. मी त्यांना खाली बसवलं. रडू दिलं तिला. मध्येच थांबून ती विचारायची, “कंटाळलात का?” आणि आम्ही नाही म्हटलं की पुढची खोडी सांगायला लागायची.